मनाला नावानं हाक मारा

 

देवळात येताना चपला आपण बाहेर काढून ठेवतो. काळजी मात्र कुणी बाहेर ठेवून येत नाही. ती आपल्यासोबत आत येते, आपल्याच बाजूला मांडी घालून बसते. टाळ वाजत असतो आणि ती कानात बोलत असते. कुणाच्या धानाला ऐन लोंबीवर असताना तुडतुडा लागला. कुणी खरेदी केंद्रावर धान मोजून दिलं, पण चुकारा अजून खात्यावर आला नाही. कुणाचा पोरगा पुण्याला कंपनीत गेला, अन् आता फोन उचलत नाही. कुणाच्या मुलीचं जमत नाही. कुणाची गाय सांज झाली तरी परतली नाही, आणि जंगलाच्या कडेला वाघाची पावलं दिसलेली आहेत.

आणि कुणी विचारलं, "कसं काय जी, चेहरा का उतरला?" तर आपण एकच शब्द सांगतो. टेन्शन. पोराला टेन्शन, म्हाताऱ्याला टेन्शन, सरपंचाला टेन्शन.

आता विचार करा, हे काय एखाद्या दुखण्याचं नाव झालं? नाही बाप्पा! हे गाठोडं आहे. या गाठोड्यात भीती बांधलेली आहे, राग आहे, लाज आहे, दुःख आहे, कुणाचा हेवा आहे. सगळं एका फडक्यात गुंडाळलं आणि वर नाव लिहिलं, टेन्शन. बांधलेलं गाठोडं डोक्यावर घेऊन माणूस जन्मभर चालतो, पण आत काय आहे ते बघत नाही. आजची सेवा एवढीच आहे, की हे गाठोडं खाली ठेवायचं, गाठ सोडायची आणि एकेका वस्तूला तिच्या नावानं हाक मारायची.

समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक लिहिले. दोनशे पाच श्लोक आहेत. ते कुणाला सांगितले? राजाला नाही, शिष्याला नाही. मनाला! आणि मनाला कसं बोलावलं? जसं आपण शेजाऱ्याला बोलावतो तसं, समोर बसवून. तुकोबांनी तेच केलं. कधी मनाला गोंजारलं, कधी दटावलं. यात मोठं मर्म आहे, माउली. ज्याला मी हाक मारू शकतो, तो मी नव्हे. बैलाला हाकलणारा बैल नसतो, धुरकरी असतो. "मी रागावलो" म्हणालात तर तुम्ही आणि राग एकच झालात. "माझ्या मनात राग आला आहे" म्हणालात, तर राग वेगळा झाला आणि बघणारे तुम्ही वेगळे उरलात. एवढ्याशा फटीतून भगवंताला आत यायला जागा मिळते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी माणूस बुडतो कसा, त्याच्या पायऱ्या मोजून दिल्या आहेत. एखाद्या गोष्टीचं सारखं चिंतन केलं की तिची ओढ लागते. ओढीतून इच्छा येते. इच्छा अडली की राग येतो. रागातून मोह, मोहातून आठवण जाते, आठवण गेली की बुद्धी जाते, आणि बुद्धी गेली की माणूस गेला. बघा, आठवण जाते म्हणतात. घरात भांडण पेटतं तेव्हा काय होतं? ही माझी बायको आहे, हिनं माझ्यासोबत चिखलात रोवणा केला, ही आठवण जाते. हा माझा भाऊ, एका ताटात जेवलेला, ही आठवण जाते. मग हात उठतो. तुम्हाला शेवटच्या पायरीवर थांबायचं असेल तर जमणार नाही. तिथं घसरणच आहे. थांबायचं पहिल्या-दुसऱ्या पायरीवर. पण त्यासाठी आपण पायरीवर उभे आहोत हे आधी कळलं पाहिजे.

ते कळतं कसं? देह सांगतो. आपल्या जंगलातलाच दाखला घ्या. तुम्ही पहाटे मोहफुलं वेचायला गेलात आणि झुडपात खसफस झाली. त्या क्षणाला काय होतं? छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, तोंड कोरडं पडतं, हातपाय ताठ होतात, पोटातली भूक मरते. देहानं तयारी केली, एक तर लढ नाही तर पळ. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी हे मांडून ठेवलं आहे. ही तयारी देवाची देणगीच आहे, तिच्यामुळं जीव वाचतो. वाघ निघून गेला की घटकाभरानं छाती शांत होते, आणि माणूस फुलं वेचायला लागतो.

पण कर्जाचा कागद वाघासारखा निघून जात नाही. भावकीतला वाद, लोक काय म्हणतील ही भीती, हे वाघ घरात राहतात, खाटेवर झोपतात. देह बिचारा समजतो की वाघ समोरच आहे, आणि रात्रंदिवस तयारीत राहतो. मग झोप जाते, रक्तदाब चढतो, साखर वाढते, काळीज थकते.

आता आख्यान. आज आख्यान पैठणचं नाही की देहूचं नाही. आपल्या धानोरा तालुक्यातलंच आहे, गडचिरोलीच्या रस्त्यावरच्या चातगावजवळचं. तिथं शोधग्राम आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग अमेरिकेत शिकून परत आले आणि १९८६ पासून या जिल्ह्यात राहिले. दवाखाना बांधला तो माँ दंतेश्वरीच्या नावानं. गावच्या बायांना शिकवून तान्ही लेकरं घरच्या घरी कशी वाचवायची, हे त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या एकोणचाळीस गावांत करून दाखवलं, आणि १९९९ साली ते लॅन्सेट या जगातल्या मोठ्या वैद्यकीय पत्रिकेत छापून आलं.

असा हा माणूस. गांधीजींच्या आश्रमाच्या संस्कारात वाढलेला. दारू-तंबाखूच्या विरोधात उभा राहिलेला. दुसऱ्याचा आजार ओळखणं हाच ज्याचा धर्म. आणि १९९५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांनाच हृदयविकाराचा झटका आला!

मायबाप हो, इथं जरा थांबा. हृदय कसं चालतं हे ज्याला पुस्तकातून पाठ, त्याला स्वतःच्या हृदयाचा निरोप झटका येईपर्यंत ऐकू आला नाही. मग तुमची-माझी काय कथा? बाहेरचं ज्ञान वेगळं आणि आपली ओळख वेगळी. काम चांगलं आहे म्हणून त्याचा ताण देह माफ करत नाही. सेवा करणाऱ्यांनी तर हे गाठीलाच बांधून ठेवावं.

डॉक्टर वाचले. पण वाचलो म्हणून पुन्हा त्याच वाटेनं धावत सुटले नाहीत. त्यांनी स्वतःलाच तपासायला घेतलं. खातो काय, चालतो किती, मनात काय साठवतो, याची झडती घेतली. आहार बदलला, योग, प्राणायाम, ध्यान शिकले, आणि जगायचं कशासाठी, देव म्हणजे काय, इथपर्यंत विचारत गेले. मग पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. शब्द बघा, साक्षात्कारी! आपण म्हणतो साक्षात्कार डोंगरावर होतो, गुहेत होतो. त्यांना तो आजाराच्या खाटेवर झाला. आजाराला त्यांनी शत्रू न म्हणता गुरू म्हटलं.

त्यांना वाट दाखवणाऱ्यांत अमेरिकेतले एक डॉक्टर होते, डीन ऑर्निश. त्या डॉक्टरांनी १९९० साली दाखवून दिलं होतं, की साधा शाकाहार, रोजचं चालणं, योग-ध्यान आणि चार रोग्यांनी एकत्र बसून मन मोकळं करणं, एवढं वर्षभर नेमानं केलं तर बहुतेकांच्या हृदयाच्या नळीतला अडथळा थोडा का होईना, मागे सरकतो. आणि हा योग ते शिकले कुणाकडून? आपल्याच देशातून तिकडं गेलेल्या स्वामी सच्चिदानंदांकडून. म्हणजे आपलंच धान सातासमुद्रापार गेलं आणि तांदूळ होऊन परत आलं!

पण नीट ऐका. औषध सोडा असं हे आख्यान सांगत नाही. छातीत कळ आली, डाव्या हाताला ओढ लागली, घाम फुटला, तर अंगारा लावत बसू नका. आधी दवाखाना, मग देऊळ.

आता माझ्या मायबहिणींसाठी. १९८९ साली डॉक्टर राणीताईंनी याच जिल्ह्यातल्या दोन गावांत बायांची तपासणी केली. साडेसहाशे बाया होत्या. त्यातल्या शंभरांतल्या ब्याण्णव बायांना अंगावरचं काही ना काही दुखणं निघालं. आणि त्याआधी तपासून घेतलेल्या किती? शंभरांत फक्त आठ. बाकीच्या गप्प होत्या. रोवणा करत होत्या, पाणी भरत होत्या, लेकरं सांभाळत होत्या. सांगितलं नाही म्हणून दुखणं नव्हतं असं नाही ना! जे देहाच्या दुखण्याचं, तेच मनाच्या दुखण्याचं. बाई "काही नाही जी" म्हणते, तेव्हा त्या "काही नाही"च्या आत केवढं तरी असतं. घरच्या पुरुषांनो, तुम्ही ते विचारलं पाहिजे आणि उत्तर येईस्तोवर बसलं पाहिजे.

आणि पुरुष काय करतो? तो दारूकडे जातो. या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती मागायला लोक रस्त्यावर उतरले होते, त्यात बायाही होत्या. मोहाचं झाड आपल्याकडे देवाचं आहे, त्याला कुणी बोल लावू नये. बोल आहे तो विसरायसाठी पिण्याला. पिऊन कर्ज फिटत नाही. फक्त आपण बघणं बंद करतो. गाठोडं तसंच राहतं, वर आणखी एक गाठ बसते.

मग गाठ सोडायची कशी? राग आला, भीती आली, की आधी बोलू नका. अंगात कुठं जाणवतं ते बघा. छातीत आहे का, गळ्यात आहे का, मुठी आवळल्या आहेत का. मग श्वास हळू सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. आणि मनाला हाक मारा, "काय रे बाबा, तू रागावला आहेस का भ्यालास?" बरेचदा वरून राग दिसतो आणि खाली भीती निघते. बाप पोरावर ओरडतो, पण आत भीती असते की पोरगं हातचं जाईल. ती भीती तोंडानं सांगा. "बाळा, मला तुझी काळजी वाटते." ओरडण्यानं दार बंद होतं, या एका वाक्यानं ते उघडतं. शहाणे लोक याला आता भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. आपलं मन ओळखा, आवरा, दुसऱ्याचं मन ओळखा, आणि मग वागा.

तुम्ही म्हणाल, महाराज, अशानं चुकारा मिळतो का? नाही मिळत. चुकाऱ्यासाठी कचेरीतच जावं लागतं. पण रागानं पेटून गेलात तर भांडण करून परत याल. भीतीनं गेलात तर दारातूनच परत याल. शांत डोक्यानं, कागद हातात घेऊन, चार जण मिळून गेलात तर विचारता येईल. मन ओळखणं म्हणजे अन्याय गिळणं नव्हे.

हे गावानंही करता येतं. आपल्या धानोऱ्याजवळचं मेंढा-लेखा बघा. २००९ साली त्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांच्या संमतीनं होतो. एकाचं जरी मन नसेल तरी गाव थांबतं, त्याचं ऐकतं, पुन्हा बसतं. अख्खं गाव जर थांबू शकतं, तर आपल्या घरातली पाच माणसं का थांबू शकत नाहीत?

आणि नाम! २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं. माळेची प्रार्थना असो नाहीतर मंत्र, लयीत म्हटला की श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची चाल सुधारते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना लावून दिली. सांजेला सगळ्यांनी एका जागी बसायचं, एका सुरात म्हणायचं. दिवसभराचा वाघ तिथं थोडा वेळ तरी बाहेर थांबतो. नाम घेताना फक्त एवढं करा, काळजी लपवू नका. देवाला तिचं नाव सांगून टाका. "देवा, मला भीती वाटते." तो ऐकून हसणार नाही.

शेवटचं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. ज्याच्या मनात आता जगू नये असं येतं, त्यानं आज रात्री ते एका माणसाला तरी सांगावं. बायकोला, मित्राला, आशाताईला, मला. नाहीतर १४४१६ या नंबरवर फोन लावावा. सरकारचा टेलि-मानस आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. आणि ज्याच्या शेजारी असा गप्प झालेला माणूस बसला असेल, त्यानं घरी जाताना त्याच्यासोबत चालत जावं. ही पण वारीच आहे.

चला, डोळे मिटा. श्वास हळू सोडा. आत कोण बसलं आहे ते बघा, त्याला नावानं हाक मारा, आणि मग पांडुरंगाला हाक मारा.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!