वायूतील पाणी आणि जबाबदारीचा प्रश्न

(बंगळूर येथे मराठी भाषिक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मी अभियंता नाही. अनुवाद हे माझे काम. या विषयावर लिहिताना एक अडचण वारंवार येते. खनिज तेल असो वा नैसर्गिक वायू, दोहोंच्या बाबतीत आपण 'शुद्धीकरण' हा एकच शब्द वापरतो. वस्तुतः दोन्ही प्रक्रिया परस्परांच्या उलट आहेत. तेल तापवून त्याचे घटक वेगळे करतात. वायू अतिशय थंड करून त्यातील जड घटक काढतात. मात्र त्याआधी अमाईनच्या द्रावणाने त्यातील हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डायऑक्साइड, आणि ग्लायकॉलने पाण्याची वाफ शोषून घ्यावी लागते. पाणी व कार्बन डायऑक्साइड एकत्र राहिले की आम्ल तयार होते आणि पोलादी नळ आतून कुरतडला जातो.

मुंबई हायचे क्षेत्र १९७४ साली सापडले, १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेथील वायू समुद्राखालील नळांनी उरणला येतो. तेथे स्वयंपाकाचा वायू वेगळा काढला जातो. इथेन व प्रोपेन नागोठण्याच्या सार्वजनिक कारखान्यासाठी ठेवले गेले. त्या कारखान्याची मालक कंपनी २००२ साली रिलायन्सच्या ताब्यात देण्यात आली. जनतेच्या पैशाने उभारलेल्या साखळीतील सर्वांत किफायतशीर दुवा असा खाजगी हाती गेला.

या शहराची कथा दाभोळपासून सुरू होते. एन्रॉनचा वीजप्रकल्प २००१ साली बंद पडला आणि त्याच वर्षी एन्रॉनचे दिवाळे निघाले. द्रवरूप वायू उतरविण्याचे अर्धवट राहिलेले केंद्र सार्वजनिक क्षेत्राने पुरे केले. २०१३ साली ते सुरू झाले आणि त्याच वर्षी बेळगाव, धारवाडमार्गे सुमारे १,००० किलोमीटरच्या नळाने दाभोळचा वायू बंगळूरला पोहोचला. उणे १६२ अंशांवर पाणी व कार्बन डायऑक्साइड गोठून यंत्रे तुंबतील, म्हणून असा वायू द्रवरूप करण्यापूर्वीच कोरडा केलेला असतो.

हा कोरडेपणा किती मोलाचा, हे २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम गावाने पाहिले. तेथे पहाटे वायूचा नळ फुटून आग लागली व वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोरड्या वायूसाठी टाकलेल्या नळातून ओलावा न काढलेला वायू जात होता आणि नळ आतून गंजला होता, असे चौकशीत आढळले. हा नळ खाजगी मालकाचा नव्हता. सार्वजनिक कंपनीचा होता.

कॉम्रेड्स, हे सत्य आपण झाकून ठेवता कामा नये. सार्वजनिक मालकीसाठी आपण लढतो, आणि ती लढाई योग्यच आहे. पण केवळ मालकी बदलल्याने नळाचा गंज थांबत नाही. गंज प्रथम दिसतो तो देखभाल करणाऱ्या कामगाराला. तो कंत्राटी असेल, तर तक्रार करताना त्याला नोकरीची धास्ती वाटते. म्हणून त्याच्या नोकरीला कायमपणा हवा, सुरक्षा समितीत त्याला मत हवे, आणि तपासणीचे अहवाल नळालगतच्या गावांना त्यांच्या भाषेत मिळाले पाहिजेत. बेळगावपासून बंगळूरपर्यंत ती भाषा कुठे मराठी असेल, कुठे कन्नड. ते भाषांतर करण्यास आमच्यासारखे अनुवादक तयार आहेत; अहवाल खुले करून घेणे हे संघटनेचे काम आहे.