बारा गावचं पाणी प्यायलेला स्टॉपर

२१ एप्रिल २०१४ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर बंगळुरू एफसीनं धेंपोला ४-२ असं हरवलं आणि आय-लीगचा करंडक गोव्यातूनच उचलून नेला. २००७-०८ मध्ये ही लीग सुरू झाल्यापासून सहा हंगाम विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नव्हतं. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. आदल्या वर्षी पुणे एफसीनं जोर लावला, तरी दुसऱ्याच क्रमांकावर थांबावं लागलं. आणि जिंकणारा हा क्लब तर आयुष्यातला पहिलाच हंगाम खेळत होता.

कौतुक कर्णधार सुनील छेत्रीच्या वाट्याला आलं, ते रास्तच होतं. पण त्या संघाची मागची फळी पाहावी. तिथं जॉन जॉन्सन होता, मिडल्सब्रोच्या अकादमीत वाढलेला आणि नॉर्थम्प्टन टाउनकडून खेळून आलेला. कर्टिस ओसानो होता, नैरोबीत जन्मलेला, लुटन आणि एएफसी विम्बल्डनकडून खेळलेला. आणि रेषेबाहेर उभा राहून ओरडणारा प्रशिक्षक ॲश्ली वेस्टवुड, तोही याच जातकुळीतला बचावपटू. इंग्लंडच्या खालच्या विभागांत घडलेल्या तिघांनी भारताच्या विजेत्या संघाचा पाया घातला. आजचा विषय त्यातला वेस्टवुड आहे.

इथं एक खुलासा करायला हवा. याच नावाचा दुसरा एक फुटबॉलपटू आहे. तो १९९० साली जन्मलेला, मधल्या फळीतला, ॲस्टन व्हिला आणि बर्नलीकडून प्रीमियर लीगमध्ये खेळलेला. योगायोग असा की दोघंही क्रू अलेक्झांड्रा या छोट्या क्लबात वावरलेले. इंटरनेटवर शोधलं तर आधी धाकटाच सापडतो.

थोरला १९७६ चा. मँचेस्टर युनायटेडच्या ज्या पोरांनी १९९५ साली एफए यूथ कप जिंकला, त्यांत तो होता. त्याच संघाचा कर्णधार फिल नेव्हिल पुढे इंग्लंडकडून पन्नासहून जास्त सामने खेळला. वेस्टवुडला युनायटेडच्या पहिल्या संघातून एकही सामना मिळाला नाही. त्याच वर्षी तो क्रूला गेला. तिथं डॅरिओ ग्रॅडी नावाचे प्रशिक्षक होते. मोठ्या क्लबांनी सोडलेली मुलं घ्यायची, घडवायची आणि विकायची, यात त्यांचा हातखंडा. १९९७ मध्ये क्रू वरच्या विभागात चढला. १९९८ मध्ये वेस्टवुड ब्रॅडफर्ड सिटीत आला आणि पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड प्रीमियर लीगमध्ये पोचला. त्या उंचीवर त्याला थोडेच सामने मिळाले. २००० साली तो शेफील्ड वेन्सडेत गेला, तेव्हा तो क्लब नुकताच प्रीमियर लीगमधून घसरला होता. २००३ मध्ये क्लब आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या स्तरावर आला. त्यानंतरचा प्रवास रेल्वेच्या वेळापत्रकासारखा वाचावा लागतो: नॉर्थम्प्टन, चेस्टर, स्विंडन, पोर्ट वेल, स्टीव्हनेज, रेक्सहॅम, क्रॉली, केटरिंग.

हा माणूस गुणात कमी होता म्हणून भटकला, असं म्हणणं सोपं आहे. पण तिथला बाजार कसा चालतो हे पाहिलं, तर ते पुरतं खरं वाटत नाही. प्रीमियर लीगखालच्या तीन विभागांत प्रत्येकी २४ संघ. म्हणजे नुसत्या लीगचेच ४६ सामने, वर कप स्पर्धा. शनिवार झाला की मंगळवार. करार एक-दोन वर्षांचे, ३० जूनला संपणारे. मे महिन्यात क्लब कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं याची यादी जाहीर करतो. प्रशिक्षक बदलला की नव्याला आपली माणसं हवी असतात, आणि त्या विभागांत प्रशिक्षक टिकतो तरी किती? त्यात १९९५ च्या बोस्मन निकालानं करार संपलेल्या खेळाडूला मोकळं केलं. वरच्यांना याचा पगारवाढीसाठी फायदा झाला. खालच्यांना मात्र मोकळं होणं म्हणजे बहुतेक वेळा नोकरी जाणंच.

वेस्टवुड शेफील्डला असताना, २००२ मध्ये, आयटीव्ही डिजिटल ही टीव्ही कंपनी बुडाली. तिनं फुटबॉल लीगशी ३१.५ कोटी पौंडांचा तीन वर्षांचा करार केला होता आणि त्यातले १७.८५ कोटी पौंड द्यायचे राहिले होते. क्लबांनी ते पैसे हातात येण्याआधीच खर्चात धरलेले. त्या उन्हाळ्यात शेकडो खेळाडू रस्त्यावर आले. त्यांच्यात मधल्या वयाचा बचावपटू सर्वांत अडचणीत, कारण गोल करणारा निदान आकडा तरी दाखवू शकतो. स्टॉपरनं न झालेले गोल कुठं दाखवायचे?

मग अशा माणसाला पुन्हा पुन्हा काम मिळतं कशावर? तंदुरुस्तीवर, आणि तोंडावर. दर हंगामात नवा जोडीदार, नवा गोलरक्षक, नवी पद्धत. दोन आठवड्यांत फळी बांधायची. कोणी पुढं जायचं, कोणी मागं राहायचं, ऑफसाइडची रेषा कधी उचलायची, हे ओरडून सांगायचं. बुटांची नाडी सोडल्यावर प्रशिक्षक होणाऱ्यांत असे बचावपटू खूप दिसतात, त्याचं मला तरी नवल वाटत नाही.

मायकेल ॲपल्टन यांच्या हाताखाली पोर्ट्समथ, ब्लॅकपूल, ब्लॅकबर्न अशी उमेदवारी करून २०१३ मध्ये वेस्टवुड बंगळुरूला आला. मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाचा नवाकोरा क्लब. दोन आठवड्यांत फळी बांधायची सवय असलेल्याला कोरी पाटी सोयीची पडली असणार. आहार, वजन, व्हिडिओवर सामन्याची चिरफाड, यांबाबत तो कडक. आपल्याकडं गुणवान खेळाडूच्या जेवणात कोणी लक्ष घालत नसे. इथं ते नोकरीचा भाग झालं. जानेवारी २०१५ मध्ये संघानं फेडरेशन कपही जिंकला, तोही फातोर्डावर आणि पुन्हा धेंपोलाच २-१ हरवून.

सगळंच त्याच्या मनासारखं झालं नाही. ३१ मे २०१५ रोजी कांतीरवा मैदानावर मोहन बागानशी शेवटचा सामना होता. विजेतेपदासाठी बंगळुरूला जिंकणं भाग. जॉन्सननं गोल केला. सामना संपत आला असताना, ८७ व्या मिनिटाला, बागानच्या बेलो रझाकनं बरोबरी साधली आणि लीग कोलकात्याला गेली. दोन्ही गोल बचावपटूंचे. पुढच्या वर्षी, साळगावकरला हरवून, ती परत आली आणि वेस्टवुड निघाला.

पेनांग, कोलकात्यात एटीके, पंजाब. क्लबांची जुनी यादी नव्या खंडात लांबत गेली. २०२३ मध्ये त्यानं अफगाणिस्तानचा राष्ट्रीय संघ घेतला. महासंघाशी वाद होऊन तिथल्या अनेक अनुभवी खेळाडूंनी बहिष्कार टाकलेला. उरलेल्यांना घेऊन तो मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत उतरला. छेत्रीचा तो १५० वा आंतरराष्ट्रीय सामना. पेनल्टीवर गोल त्यानंच केला. तरी अफगाणिस्ताननं २-१ असा सामना काढला, विजयी गोल ८८ व्या मिनिटाला.

नंतर हाँगकाँग. १० जून २०२५, काय टाक स्टेडियम, आशियाई कप पात्रता सामना. निवृत्तीतून परतलेला छेत्री दुसऱ्या सत्रात मैदानात आला, पण फळी फुटली नाही. भरपाईच्या वेळेत हाँगकाँगला पेनल्टी मिळाली, स्टेफन परेरानं ती मारली आणि भारत ०-१ हरला. थोड्याच दिवसांत भारताचे प्रशिक्षक मनोलो मार्केझ यांनी पद सोडलं.