गिरगांवांतली खोली विकणें आहे

‘गिरगांवांत चाळींतली खोली, दुसरा मजला, पागडी पद्धत, विकणें आहे,’ अशा मजकुराच्या जाहिराती आपण पुष्कळदां वाचल्या असतील. २०२५ च्या ऑक्टोबरांत गिरगांवाखालून भुयारी मेट्रो धांवूं लागली. तेव्हां स्टेशन जवळ असल्याचें भूषणहि आतां अशा खोल्यांना लाभलें आहे. जेथें चाळी होत्या, तेथें उंच मनोरे उठत आहेत. या बदलाचें कौतुक वा शोक करण्यासाठीं मी आज आपल्यापुढें आलों नाहीं. जी खोली विकावयाची ती मुळांत कोणाची, एवढा एकच प्रश्न मला मांडावयाचा आहे.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. जाहिरातींत ‘विकणें’ हा शब्द असला, तरी पागडीच्या खोलींत विकणारा हा मालक नसतो, भाडेकरू असतो. तो आपला राहण्याचा हक्क दुसऱ्यास देतो. त्यासाठीं घरमालकाची संमति लागते, आणि आलेल्या रकमेंतला मोठा हिस्सा, पुष्कळदां तिसरा, मालकाकडे जातो. हा विलक्षण व्यवहार भाडे-नियंत्रणाच्या कायद्याच्या सांवलींत वाढला. १९४७ च्या कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं बव्हंशीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. त्या भाड्यांत चाळ दुरुस्त ठेवणें मालकास परवडेना. त्यानें हात आंखडता घेतला, आणि जिन्यांना व गॅलऱ्यांना टेकू लागले. १९६९ सालीं सरकारनें दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसविला, तेव्हां मुंबई बेटावर अशा १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेंत आल्या. आणि जी पागडी इतकीं वर्षें कायद्यानें निषिद्ध असूनहि पडद्याआड दिली-घेतली जात होती, तिला १९९९ च्या नव्या कायद्यानें, ३१ मार्च २००० पासून, राजमान्यता दिली.

आतां या खोलीचें दुसरें टोंक पाहूं. तें कोंकणांत आहे. आमचें गांव केळशी, दापोली तालुक्यांत, भारजा नदीच्या मुखाशीं. महालक्ष्मीचें देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, आणि नारळी-पोफळींच्या आगरांत दडलेलीं घरें. आगरावर एक कुटुंब पोसतें, चार भावांचीं चार कुटुंबें पोसत नाहींत. म्हणून एकानें आगर राखावें आणि बाकीच्यांनीं मुंबई गांठावी, असा परिपाठ पडला. हर्णै बंदरीं आगबोट खोल पाण्यांत उभी राही. तिच्यापर्यंत पडावानें जावयाचें, भाऊच्या धक्क्यावर उतरावयाचें, आणि हातांतल्या चिठ्ठीवरून गिरगांवांतली खोली शोधून काढावयाची. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, पुढें गॅलरी, आंत मोरी. तींत घरचीं माणसें राहातच. शिवाय नोकरी शोधणारा पुतण्या, परीक्षेस आलेला शेजाऱ्यांचा मुलगा, इस्पितळांत दाखविण्यासाठीं आणलेली आत्या. रात्रीं पुरुषांनीं गॅलरींत वळकट्या पसराव्या, ट्रंका कॉटखालीं सारून ठेवाव्या. एखाद्याचें बस्तान बसलें कीं त्याची जागा पुढच्यास मिळे. उलट, मुंबईहून गांवीं मनीऑर्डर जाई. तिच्यांतून घर शाकारलें जाई, देवीच्या उत्सवाची वर्गणी निघे. पावतीनें ती खोली एकाची होती. उपभोगानें ती सगळ्या घराची, भावकीची, किंबहुना गांवाची होती.

हाच प्रसंग गोमंतकांतून आलेल्या ख्रिस्ती खलाशांवर व आचाऱ्यांवर आला, तेव्हां त्यांनीं ‘कूड’ म्हणून ओळखले जाणारे आपापल्या गांवांचे क्लब मुंबईंत काढले. धोबीतलावावरील जेर महाल या जुन्या इमारतींत असे कित्येक क्लब नांदले. प्रत्येकास एकेका गांवाचें नांव, सभासदांची वर्गणी, आंत सामाईक वेदी, सायंकाळची प्रार्थना, आणि राहण्याचे ठरलेले नियम. सभासद जहाजावर गेला म्हणून त्याचा हक्क जात नसे. परत येतांच क्लबाचें दार त्याला उघडें असे. आमच्या खोलीलाहि नियम होते. फरक इतकाच कीं, ते कोणीं वहींत लिहिले नाहींत. ते त्या घरच्या गृहिणीच्या डोक्यांत होते.

ती गृहिणी म्हणजे आमच्या घरांत माझी काकू. १९६२ सालीं ती लग्न होऊन या खोलींत आली, आणि अठरा वर्षें तिनें तेथें रोज आठ-दहा माणसांचें जेवण रांधलें. पाणी पहांटे येई, तिला त्याआधीं उठावें लागे. १९८० सालीं काका वारले. तिला मूलबाळ नव्हतें, आणि गांवचें आगर पाहावयास कोणी तरी जाणें प्राप्त होतें. तेव्हां ती केळशीस गेली. १९८६ सालीं आजोबा गेले. भाड्याची पावती त्यांच्या नांवाची होती. कायद्याचा दंडक असा कीं, भाडेकरू वारला असतां, त्या वेळीं त्याच्यासह राहात असलेल्या कुटुंबीयास तो हक्क प्रथम पोंचतो. १९४७ च्या कायद्यांतहि हेंच तत्त्व होतें, १९९९ च्या कायद्यांतहि आहे. तत्त्व योग्य आहे. राहणाऱ्याच्या डोक्यावरचें छप्पर जाऊं नये, हा त्याचा हेतु. त्या अन्वयें पावती माझ्या वडिलांच्या नांवें झाली व पुढें आम्हां दोघां भावांकडे आली. काकूचें नांव कोठेंच नाहीं.

आतां खोली काढावयाची ठरली आहे, आणि हा निर्णय मला वाईट वाटत नाहीं. सामाईक शौचकूप आणि उभा लांकडी जिना यांचें प्रेम म्हातारपणीं टिकत नाहीं. चाळीचा पुनर्विकास झाला तर भाडेकरूस निदान ३०० चौरस फुटांचें घर मिळण्याची तरतूद आहे. परंतु तोंवर किती वर्षें बाहेर काढावीं लागतील, हें आमच्या चाळींत कोणीच छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. शिवाय ज्या उपयोगासाठीं खोली होती तो उपयोगच सरला. गांवचा मुलगा आतां शिकावयास दापोलीस किंवा पुण्यास जातो, आणि मुंबईंत आलाच तर डोंबिवलीकडे बिऱ्हाड करतो. उपयोग सरलेली वस्तु विकण्यांत पाप नाहीं. पाप घडलेंच तर तें वांटणीच्या हिशेबांत घडतें.

मालकाचा हिस्सा वजा जातां उरणाऱ्या रकमेचे दोन भाग करावे, असें माझ्या भावाचें मत होतें. पावतीवर दोन नांवें आहेत, हा त्याचा आधार. आणि तो कायद्याच्या दृष्टीनें बिनचूक होता. मीं तिसरा भाग मांडला. आठ दिवस आमचें बोलणें बंद होतें. मग त्यानें विचारलें, “काकूला या वयांत पैसा कशाला?” आम्हीं तिलाच विचारलें. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें केळशीच्या घराचीं कौलें उडविलीं होतीं आणि आगर आडवें केलें होतें. कौलें पुन्हां बसलीं. पण पोफळ लावल्यापासून फळावयास कित्येक वर्षें लागतात. काकू म्हणाली, “मला काय करायचाय पैसा? गडगा पडलाय तो घालायचाय. पोफळी लहान आहेत, शिंपायला गडी लागतो. आगर राहिलं तर उद्यां तुम्हींच याल राहायला.” त्या रात्रीं भावानें तिसरा भाग कागदावर स्वतःच्या हातानें लिहिला.

आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं असा कागद लवकरच पुढें येणार असेल, त्यांना माझी एक सूचना आहे. वकिलाकडे जाण्यापूर्वीं, त्या खोलींत राहून गेलेल्या माणसांचीं नांवें एका वहींत लिहून काढा. कोण किती वर्षें राहिलें, कोणीं रांधलें, कोणीं मागें राहून गांवचें घर सांभाळलें, हेंहि लिहा. ही वही न्यायालयांत पुरावा म्हणून चालणार नाहीं. परंतु ती डोळ्यांपुढें असली, म्हणजे हिस्से किती करावयाचे हें ठरविणें फारसें कठीण जात नाहीं. मात्र हें काम, तीं नांवें सांगणारीं माणसें हयात आहेत तोंवरच होण्याजोगें आहे.