शब्द कुठे फोडावा?



आम्ही इंग्रजी शिकलो ते शाळेत नव्हे, कारखान्याच्या नोटिशी वाचता वाचता. लांब शब्द आला की चांगला शहाणा कामगारही तिथे अडतो. असा शब्द कुठे फोडावा, एवढेच आज सांगणार आहोत.

इंग्रजी शब्दाकडे तीन तऱ्हांनी पाहावे लागते. पहिली उच्चाराची. जितके स्वर कानी येतात तितके अवयव. ‘फो-टो-ग्राफ’ हे तीन. दुसरी आघाताची. मराठीत अक्षरे बहुधा सारख्या जोराने चालतात. इंग्रजीत एकावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. शिवाय हा जोर जागा बदलतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो ‘फो’वर, ‘फोटोग्राफी’त ‘टो’वर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर. तिसरी तऱ्हा अर्थाची. मूळ ग्रीकात ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणे. पण इंग्रज माणूस ‘फ-टॉग्-र-फी’ म्हणतो. म्हणजे तोंड तोडते तिथे अर्थ तुटत नाही.

यात नवल काही नाही. हजेरीपटावरची आपली ‘अनुपस्थिती’ घ्या. उच्चाराने अ-नु-प-स्थि-ती, अर्थाने अन्, उप आणि स्थिती.

आता पोटापाण्याचा शब्द घेऊ: ‘रीइन्स्टेटमेंट’. ‘री’ म्हणजे पुन्हा, ‘इन्’ म्हणजे आत, ‘मेंट’ हा क्रियेचे नाम करणारा प्रत्यय. मधला ‘स्टेट’ लॅटिनमधून आलेला, आपल्या ‘स्थिती’चाच दूरचा भाऊबंद. एकूण अर्थ, पूर्वीच्या जागी पुन्हा बसवणे. त्याच्याशेजारी ‘रीएम्प्लॉयमेंट’ ठेवा. पुढे ‘री’ तोच, मागे ‘मेंट’ तोच. फरक सगळा पोटात आहे. पहिल्यात जुनी जागा परत मिळते आणि साधारणतः मागची सेवाही जोडून मिळते. दुसऱ्यात नुसती नवी नेमणूक असू शकते. ग्रॅच्युइटीचा हिशेब सेवेच्या वर्षांवर होतो. तेव्हा वीस वर्षे राबलेल्या माणसाला हा फरक केवढ्याला पडेल, याचा विचार करा.

नुसते तुकडे जोडून सारे कळते असेही नाही. ‘अंडर’ म्हणजे खाली, ‘स्टँड’ म्हणजे उभे राहणे; पण ‘अंडरस्टँड’ म्हणजे समजणे. म्हणून कायद्याच्या शब्दाची व्याख्या कायद्यातच पाहावी.

वाचताना जोर चुकला तर फार तर कोणी हसेल. अर्थ चुकला तर भाकरीला धक्का लागतो. तेव्हा शब्द आधी फोडा, न सुटला तर चारचौघांना विचारा, आणि सही मग करा.