ई-मेल उघडताना येणारी प्रमाणपत्राची सूचना

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातील शाळेत परगावचा विद्यार्थी दाखल होण्यास आला, म्हणजे मुख्याध्यापक त्याचा शाळा सोडल्याचा दाखला हाती घेऊन नाव त्याच मुलाचे आहे काय, तारीख ठीक आहे काय आणि सही-शिक्का विश्वासार्ह शाळेचा आहे काय, हे पाहतात. ई-मेल उघडताना संगणकही हेच करीत असतो. टपाल सांभाळणारा दूरचा सर्व्हर प्रथम आपले प्रमाणपत्र पुढे करतो. त्यातील नाव, मुदत व ते देणारी संस्था यांपैकी कोठेही खोट दिसली की पडद्यावर सूचना उमटते.

ही सूचना रोज येऊ लागली म्हणजे तिचे भय जाते आणि न वाचताच पुढे जाण्याची सवय जडते. खरा धोका या सवयीत आहे. शाळेच्या टपालातून विद्यार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, बँक खाती असा मजकूर जात असतो. सूचना डावलून पासवर्ड टाकला आणि तो वाटेत कोणी टिपून घेतला, तर शाळेला त्याचा पत्ताही लागत नाही. सूत वारंवार तुटू लागले तर नुसते सांधून भागत नाही, चाती वाकडी आहे की पेळू वाईट आहे हे पाहावे लागते. वर्ध्याच्या शिक्षकाला हे निराळे सांगावयास नको.

पुष्कळदा कारण अगदी साधे असते. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ चालते ते तिच्यावर. ती संपली, की उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनअखेर सुरू केलेला संगणक तारखेने कित्येक वर्षे मागे गेलेला असतो आणि आजचे प्रमाणपत्र त्याला अद्याप लागू न झालेले दिसते. म्हणून अनेक ठिकाणी एकदम सूचना येऊ लागल्यास प्रथम तारीख पाहावी. दुरुस्त केलेली तारीख पुन्हा मागे गेली तर बॅटरी बदलावी. खर्च किरकोळ आहे.

संगणक फार जुना असेल तर त्यातील विश्वासार्ह संस्थांची यादीही जुनी असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका प्रचलित मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अनेक जुन्या यंत्रांवर निर्दोष संकेतस्थळांबाबतही सूचना उमटल्या.

एकाच खात्यावर सूचना येत असेल तर सेटिंगमधील सर्व्हरचे नाव अक्षरशः ताडून पाहावे. ते बरोबर असूनही मुदत संपल्याचे दिसत असेल, तर दोष पलीकडचा समजावा. प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असे ठरले आहे. नूतनीकरणात हयगय झाली तर असे प्रसंग वाढतील.

सूचना न येणे हीदेखील पूर्ण हमी नव्हे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगल व याहू यांच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. विंडोजच्या यादीत भारतीय नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र विश्वासार्ह असल्याने त्या यादीवर विसंबणाऱ्या अनेक प्रोग्रामांनी ती निमूट मान्य केली असती. गूगलला २ जुलैस हा प्रकार कळला; दुसऱ्याच दिवशी नियंत्रकाने केंद्राची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. शिक्का खरा, पण दाखला खोटा, असा हा प्रकार होता.

सूचनेचे नेमके शब्द, दिवस व वेळ वहीत टिपून गटसाधन केंद्रास कळवावे. 'संगणक बिघडला' एवढ्या निरोपावरून कोणासच काही करता येत नाही. एखाद्या दुकानातील वा स्थानकावरील वायफायवरच सूचना येत असेल, तर तेथे ई-मेल उघडूच नये, मग माहिती पाठविण्याचा तो शेवटचा दिवस का असेना. अशा कारणाने यादी एक दिवस उशिरा आली, तर केंद्रप्रमुखांनी ती विनातक्रार स्वीकारावी.