लव्हाळा: शेतात वैरी, काठावर राखणदार

आजचा भाग अशा रोपाबद्दल आहे, ज्याचं नाव काढलं तरी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला ऊसवाला वैतागतो. लव्हाळा!

आधी ओळख करून घेऊ. दांडी चिमटीत धरून फिरवा. गवताची गोल लागते, तिला पेरं असतात. लव्हाळ्याची तीनधारी आणि बिनपेराची. म्हणजे दिसायला गवत, पण गवत नाहीच! जमिनीखाली सुवासिक गाठी असतात. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा तो हाच.

शेतात ह्याच गाठी डोकं उठवतात. खुरपलं की पात तुटते, गाठ खाली राहते. नांगरलं की गाठींची माळ तुटते आणि सुट्या झालेल्या गाठींना नवे कोंब फुटतात. जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांमध्ये त्याला पहिला नंबर देतात, ते काही उगाच नाही.

पण हाच चिवटपणा पाण्याच्या काठावर नेऊन बघा. शेवगाव, नेवाशाकडे जायकवाडीचं पाणी पसरतं. हा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. पावसाळ्यात पाणी चढतं, उन्हाळ्यापर्यंत लांब मागे सरकतं. अशा सरकत्या काठावर झाड कुठं टिकणार? लव्हाळा आणि त्याची पाण्यात उभी राहणारी भावंडं टिकतात. पाणी उतरलं की पुन्हा फुटतात. त्यांची मुळं गाळ धरून ठेवतात, लाटांचा मार कमी करतात. बुडालेल्या दांड्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. जांभळी पाणकोंबडी अशाच दाटीत घरटं बांधते. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस काठावरचं गवत आणि लव्हाळे चरतात.

आता खरा प्रश्न. पाणी उतरलं की मोकळ्या जमिनीवर गाळपेर होते. त्यावर कित्येक घरं चालतात, म्हणून ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण पार पाण्याला टेकेपर्यंत नांगर घातला, तणनाशक मारलं, तर मोकळी माती आणि औषध दोन्ही पाण्यातच जाणार. तेच पाणी आपण पितो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: शेतातला लव्हाळा खुशाल काढा, पण पाण्यालगतची एक पट्टी त्याच्यासाठी सोडा. ओढा असो, गावतळं असो की धरण.

तुमच्या गावच्या काठावर काय उगवलंय? दांडी फिरवून बघा, फोटो काढा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!