युगांडाला जाताना, आणि परत आल्यावर

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल इथे नाट्यसंगीत झालं आणि आज मी डास आणि इंजेक्शनं घेऊन उभा आहे. हा बदल तुम्हाला कितपत मानवेल कोण जाणे! पण कार्यवाहांनी गळच घातली. आपल्यातले चार-पाच जण दिवाळीनंतर कामासाठी युगांडाला निघालेत, शिवाय एक काका-काकू मुलीच्या बाळंतपणासाठी कंपालाला जाणार आहेत. मी 2011 ते 2014 अशी तीन वर्षं तिकडे पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काम केलं, पुढेही जाऊन-येऊन होतो. त्यामुळे जे सांगतो ते कामाला येईल अशी आशा आहे. मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. विषुववृत्त म्हटलं की लोक मलमलचे सदरे भरतात. कंपाला समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडंच कमी. दुपारी 27-28 अंश, रात्री 17-18. सिकंदराबादचा मे महिना काढलेल्या माणसाला तिथे उकाडा असा नाहीच. एक स्वेटर आणि चांगली छत्री ठेवा. प्लगला तीन चौकोनी पिना लागतात, ब्रिटिश पद्धतीच्या. अ‍ॅडाप्टर इथूनच न्या. डॉलर नेणार असाल तर नव्या छापाच्या, न चुरगळलेल्या मोठ्या नोटा न्या. जुन्या नोटा घेत नाहीत आणि लहान नोटांना भाव कमी देतात. डाळ-तांदूळ-मसाल्यांनी बॅग भरू नका, कंपालात सगळं मिळतं. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, आणि तिच्यात ऑम्लेट गुंडाळून रस्त्यावर विकतात, त्याला 'रोलेक्स' असं भारदस्त नाव आहे. भारतीय माणूस तिथे नवा नाही. इदी अमीननं 1972 मध्ये नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना हाकललं, त्यांतले काही पुढे परतले. जिंजाला, जिथे नाईल सरोवरातून बाहेर पडते, तिथे गांधीजींच्या अस्थी 1948 मध्ये विसर्जित झाल्या. तिथला पुतळा सवड काढून पाहा.

आता पिवळा ताप, म्हणजे यलो फीवर. याची लस घेतल्याशिवाय युगांडाचा व्हिसाच होत नाही. अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि त्यातच लसीचं कार्ड जोडावं लागतं. लस टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, त्यामुळे "विमान सोमवारी, लस शनिवारी" असं चालत नाही. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. आपल्याकडे नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक वारी, ठरावीक माणसं जमवूनच लस देतात. महिनाभर आधी चौकशी करा. एक बरं झालं, 2016 पासून हे कार्ड जन्मभर चालतं. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावं लागे. जुनं कार्ड घरात असेल तर तेही चालतं, ट्रंका उपसून पाहा.

आणि कार्ड येतानाही लागतं. आपल्याकडे पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा डास आहे. त्यामुळे कार्डाशिवाय तिकडून आलात, तर भारतातल्या विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. ते मूळ कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा.

काका-काकूंसाठी वेगळं सांगतो. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढे, अंड्याची जबर अ‍ॅलर्जी असेल तर, किंवा स्टिरॉइड, केमोथेरपी यांमुळे प्रतिकारशक्ती उतरली असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायचं. घ्यायची की सूट मागायची हे त्यांना ठरवू द्या. "केंद्रावर विचारत नाहीत, देऊन टाकतात" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता ज्यासाठी खरं उभा राहिलो ते. मलेरिया.

हा शब्द ऐकून इथे कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही, हे मला दिसतंय. बेगमपेठच्या जुन्या विमानतळाजवळची ती इमारत आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. तिथेच 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉसला अ‍ॅनोफिलिस डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. ज्या गावात हा शोध लागला, तिथलीच आपण माणसं मलेरियाला "दोन गोळ्या आणि एक रजा" समजतो. आपल्या शहरांत बऱ्याचदा होतो तो व्हायवॅक्स जातीचा. तो छळतो, पण सहसा जीव घेत नाही. युगांडातला जवळपास सगळा फाल्सिपॅरम. तो मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर जातो, आणि उपचार लांबला तर थोड्या दिवसांत माणूस जातो. आपल्या ओळखीची क्लोरोक्विन त्याच्यावर चालत नाही.

तिथले सहकारी मनानं फार चांगले. ते हसून सांगतील, "अहो, मलेरिया म्हणजे सर्दी-पडसं, आम्हाला वर्षातून दोनदा होतो." त्यांच्यापुरतं ते खोटं नाही. लहानपणापासून सतत डास चावून त्यांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. तिथली तान्ही मुलं मात्र याच तापानं दगावतात. आपण साठ वर्षांचे असलो तरी या बाबतीत तान्हेच. आपला इथला मलेरिया तिथे कामाला येत नाही.

म्हणून प्रतिबंधक गोळी. तीन प्रकार आहेत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, ती निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करतात. फिट्स किंवा मानसिक आजार असलेल्यांनी ती घ्यायची नाही. डॉक्सिसायक्लिन रोज; उन्हात त्वचा भाजते आणि गरोदरपणी चालत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, महाग आहे पण पुष्कळांना सोसते. कुठली घ्यायची ते डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते कधी थांबवायची. पहिल्या दोन्ही गोळ्या परत आल्यावर चार आठवडे, तिसरी सात दिवस. जंतू आधी यकृतात दडून वाढतो आणि मग रक्तात उतरतो, त्याला तिथे गाठण्यासाठी.

आमच्या साइटवर कोल्हापूरकडचा एक फिटर होता, चौतीस वर्षांचा. गणपतीसाठी सुट्टीवर निघाला. आठवड्याची गोळी त्यानं विमानात बसायच्या दिवशी बंद केली, "घरी चाललो, आता कशाला?" असं म्हणाला होता. घरी पोचल्यावर नवव्या दिवशी ताप भरला. दिवस डेंग्यूचे. दवाखान्यात डेंग्यूची तपासणी केली, ती निघाली नाही, मग व्हायरल म्हणून औषध दिलं. कुठून आलात हे त्याला कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तो बरळायला लागला तेव्हा भावानं आम्हाला फोन केला, आणि आम्ही ओरडून सांगितलं, मलेरिया तपासा. तपासला. रक्त जंतूंनी भरलेलं होतं. सहाव्या दिवशी तो गेला. गणपती अजून घरात होते.

तेव्हा ताप आला तर, तिथे किंवा इथे, त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. परतल्यावर तीन महिने हे पाळा. डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य "मी आफ्रिकेतून आलोय" हे, मग बाकीचं. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करायची. गोळ्या नेमानं घेतल्या असल्या तरीसुद्धा. माझं ऐकाल तर एका कागदावर "युगांडाहून आले आहेत, मलेरिया तपासा" असं लिहून घरच्यांकडे द्या, कारण तापानं भ्रमलेला माणूस स्वतः सांगू शकत नाही.

बाकी नेहमीचंच. अ‍ॅनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, तेव्हा अंधार पडायच्या आत पूर्ण बाह्या, डीट असलेलं मलम, आणि औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून. व्हिक्टोरिया सरोवर कितीही मोहक दिसलं तरी त्यात उतरू नका; पाण्यातले सूक्ष्म जंत कातडीतून आत शिरतात, त्या रोगाला बिल्हार्झिया म्हणतात. बाहेर वाळत घातलेले कपडे, अगदी बनियनसुद्धा, कडक इस्त्री करून घाला. एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि तिच्या अळ्या कातडीत शिरून गळवं उठतात. तिथे भाड्याच्या मोटरसायकली असतात, त्यांना 'बोडा-बोडा' म्हणतात. हेल्मेट नसेल तर बसू नका. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट.

माझं पिवळं कार्ड आणि गोळ्यांचं वेळापत्रक इथे टेबलावर ठेवलंय, हातात घेऊन पाहा. दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी आरतीआधी कार्यवाहांकडे नावं द्यावीत; केंद्रावर लसीचा वार कोणता ते विचारून सगळे एकदमच जाऊ. काकू, तुमचे रिपोर्ट घेऊन मला उद्या भेटा, डॉक्टरांकडे मीही बरोबर येतो.